‘दोन चहा टाक’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

पत्र: ताई, मी ठाण्याची, वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतलेली. मुलगा-सून स्पेनमध्ये वालेन्सियाला असतात. सहा आठवड्यांनी आम्ही दोघं जातोय. त्यातले सहा दिवस ग्रानादा आणि सेव्हियाला आम्हा दोघांनाच फिरायचंय कारण मुलाला सुट्टी नाही. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. हे सगळं खातात. मागे टूरबरोबर युरोपला गेलो होतो तेव्हा रोज रात्री पोळीभाजी होती त्यामुळे प्रश्नच आला नाही. दोन महिने अ‍ॅपवरून स्पॅनिश शिकतेय, ‘मांजर दूध पितं’ आणि ‘माझा काका डॉक्टर आहे’ हे मला म्हणता येतं पण हॉटेलात जाऊन काय बोलायचं ते काही येत नाही. व्हिडिओ कॉलवर बोलून दाखवलं तर मुलगा हसला, म्हणाला आई कशाला त्रास घेतेस, गूगल ट्रान्सलेट आहे ना. सून म्हणते शिका. या वयात जमेल का? आणि ह्यांना सकाळी दुधाचा चहा लागतोच, त्याचं काय करू?
– ठाण्याची एक आई

उत्तर:

अहो, ताई तर तुम्ही, मी तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे. माद्रिदमध्ये चार वर्षं काढली, तीही तुमच्यासारखीच पालेभाजी खात, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना सगळं डोळ्यासमोर आलं. वयाचं आधी सांगते, सहा दिवस हॉटेलात जेवायला जेवढं स्पॅनिश लागतं तेवढं सहा आठवड्यांत आरामात होतं. तुमचं अडलंय ते वयामुळे नाही, अ‍ॅप तुम्हाला इंग्रजीच्या दारातून स्पॅनिशमध्ये नेतंय म्हणून, आणि ते दार आपल्यासाठी उगाच लांबचं आहे. तुम्ही मराठीतून जा.

म्हणजे कसं बघा. इंग्रजीतून शिकलेला माणूस कॉफी मागताना ‘मला कॉफी मिळू शकेल का’ याचं शब्दाला शब्द भाषांतर करतो, ‘पुएदो तेनेर उन काफे’, आणि वेटरला ते कळतं पण कानाला विचित्र लागतं कारण तिथे असं कोणी बोलतच नाही. तिथले लोक म्हणतात ‘मे पोनेस उन काफे?’ आता यातलं ‘पोनेर’ हे क्रियापद म्हणजे ठेवणे, लावणे, टाकणे. टपरीवर आपण काय म्हणतो? दोन चहा टाक. तेच आहे हो! ‘पोनमे दोस काफेस’ म्हणजे शब्दशः ‘मला दोन कॉफी टाक’. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा बारमध्ये उभ्या उभ्या हसू आलं होतं, दोन वर्षं क्लास करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते कॉलेजबाहेरच्या टपरीनं शिकवलं.

(तिथे बार म्हणजे दारूचं दुकान नाही बरं का. सकाळी आजीबाई कॉफी आणि टोस्ट खायला जातात तोही बारच. बिनधास्त जा.)

दुसरं, अ‍ॅपमध्ये तुम्हाला ‘किएरो’ शिकवलं असेल, मला पाहिजे. बरोबर आहे पण जरा लहान मुलाच्या हट्टासारखं वाटतं. त्याऐवजी ‘केरिया’ म्हणा, हा भूतकाळ आहे, ‘मला एक कॉफी हवी होती’. आता इंग्रजीवाल्याला हा भूतकाळ का ते समजवायला पान भर नोट्स लागतात, आपण मात्र औषधाच्या दुकानात जाऊन सरळ म्हणतो ‘एक क्रोसिन हवी होती’, ती काय काल हवी होती म्हणून म्हणतो का? नम्रपणा आहे तो. ‘केरिया उन काफे कोन लेचे, पोर फाबोर.’ एवढं एक वाक्य आलं की कॉफीच्या जागी काहीही घाला. लेचे म्हणजे दूध, त्यातला च चिंचेतला, चमच्यातला नाही.

तिसरं, तू आणि तुम्ही. स्पॅनिशमध्ये दोन्ही आहेत, आपल्यासारखंच. बारमध्ये सगळे सगळ्यांना तू म्हणतात आणि त्यात कोणाचा अपमान नसतो, पण ठाण्याच्या बाईला अनोळखी माणसाला एकदम अरेतुरे करवणार नाही हे मी समजू शकते. मग शेवटचा ‘स’ गाळा. ‘मे पोनेस’ म्हणजे टाकतोस का, ‘मे पोने’ म्हणजे टाकता का. झालं.

आणि लिहून काढताना देवनागरीत लिहा, रोमन अक्षरं बघून वाचू नका. देवनागरी स्पॅनिशला इतकी चपखल बसते की काही विचारू नका, त्यांचा त हा आपला त आहे, द हा द, प हा साधा प, र जिभेवर वाजणारा र. इंग्रज माणूस आयुष्यभर ‘टॉमाटे’ म्हणत राहतो, तुम्ही पहिल्या दिवसापासून ‘तोमाते’ म्हणाल. फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा: जे अक्षर, किंवा ई-आयच्या आधीचा जी, आला की ख (खामोन), डबल एल आला की य (येबा), एच मुका, आणि व्ही हा ब सारखा. म्हणून शाकाहारी बाई म्हणजे ‘बेखेतारिआना’. तुमचे हे कधी शाकाहारी झालेच तर ‘बेखेतारिआनो’, खातो-खाते सारखंच.

काही शब्द तर तुम्हाला आधीच येतात. पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेले शब्द स्पॅनिशचे चुलतभाऊ आहेत ना. पाव तिकडे ‘पान’ होतो, बटाटा ‘पाताता’, आणि पगार हा शब्द मूळचा ‘पागार’, म्हणजे पैसे देणे. ‘पुएदो पागार कोन तार्खेता?’ कार्डने पैसे देऊ का? बँकवाल्या बाईंना हे वाक्य पाठ करायला किती वेळ लागणार, सांगा. आता तुम्ही म्हणाल मघाशी ‘पुएदो’ चालत नव्हतं. ‘पुएदो तेनेर’ चालत नाही, ‘करू का’ या अर्थी नुसतं ‘पुएदो’ उत्तम चालतं.

आता शाकाहाराचं. इथे जरा थांबते कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो आणि माझाही झाला.

माद्रिदमधला पहिलाच महिना, ऑफिसच्या मागे एक छोटं हॉटेल. मी ऐटीत सांगितलं ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय. वेटर म्हणाला हो हो, आणि फरसबीची भाजी घेऊन आला, हिरवीगार, ऑलिव्ह तेलात चमकणारी, आणि तिच्यात गुलाबी गुलाबी बारीक तुकडे. मी विचारलं हे काय? तो म्हणाला ‘खामोन’. मी म्हटलं अहो मी मांस नको म्हटलं होतं. तो अगदी मनापासून गोंधळून म्हणाला, ‘नो एस कार्ने, एस खामोन’. मांस नाहीये हो, हॅम आहे. मग प्लेट आत नेली आणि दोन मिनिटांनी तीच परत आणली, तुकडे वेचून. लबाडी नव्हती त्यात. बोलीभाषेत ‘कार्ने’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर मटणबीफचा मोठा तुकडा येतो, हॅम आणि चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) हे जणू मीठमसाला. आपल्याकडे नाही का एखादी मावशी म्हणत, अगं मटण कुठंय, नुसता रस्सा आहे, घे की!

म्हणून नुसतं ‘सोय बेखेतारिआना’ म्हणून थांबू नका, पुढे यादी वाचा: ‘नो कोमो कार्ने, नि खामोन, नि पेस्कादो, नि आतून, नि उएबो.’ मांस खात नाही, हॅम नाही, मासा नाही, ट्यूना नाही, अंडं नाही. ट्यूनाला वेगळं नाव घेऊन नाही म्हणावं लागतं कारण त्यांच्या साध्या सॅलडवर, ‘एन्सालादा मिक्स्ता’वर, तो डब्यातला ट्यूना बहुतेक वेळा असतोच. शब्द लक्षात ठेवायला सोपा आहे, आतून. वरून सगळा पाला दिसतो आणि ट्यूना आतून निघतो.

आणि मग हत्यार म्हणजे एकच शब्द, ‘येबा’. यात अमुक असतं का? ‘येबा उएबो?’ अंडं असतं का? ‘येबा खामोन?’ दिवसातून दहा वेळा विचारा, कोणी वैतागत नाही. मसुराची आमटी, ‘लेंतेखास’, दिसायला घरच्यासारखी असते पण तिच्यात चोरिसो असण्याचीच शक्यता जास्त. भाजीच्या सूपमागे कसलं पाणी आहे ते कळायला ‘एल काल्दो एस दे बेर्दुरास?’ म्हणजे स्टॉक भाज्यांचा आहे का. वालेन्सियात भाज्यांची पाएया (तिथला मसालेभातच म्हणा) मागाल तेव्हा तर हे विचाराच, तिथल्या अस्सल पाएयात ससा आणि कोंबडी असते. अजून एक, ‘मान्तेका’ दिसलं की लांब राहा. स्पेनमध्ये ती डुकराची चरबी, लोणी म्हणजे ‘मान्तेकिया’. एका अक्षराचा फरक आणि केवढा अनर्थ.

अंड्यासाठी अजून एक सोय आहे. युरोपियन युनियनच्या नियमाने २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलांना १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते, त्यात अंडं, दूध, मासे, शेंगदाणे हे सगळं येतं. ‘तिएनेन कार्ता दे आलेर्खेनोस?’ विचारलंत की बऱ्याच ठिकाणी तक्ताच देतात. मांस मात्र त्या यादीत नाही, तेवढं ‘येबा’नेच विचारायचं.

मग खायचं काय? सेव्हियात ‘एस्पिनाकास कोन गार्बांथोस’, पालक आणि छोले, जिरं घातलेले, पहिला घास घेतल्यावर तुम्हाला ठाण्यात असल्यासारखं वाटेल. तळलेली वांगी, ‘बेरेन्खेनास कोन मिएल’, वर उसाची काकवी. ‘पान कोन तोमाते’ कुठेही. ‘पिमिएन्तोस दे पाद्रोन’ म्हणजे तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, त्यातल्या काही तिखट निघतात काही नाही, आणि ते त्यांना फार रोमांचक वाटतं, आपल्याला हसू येतं. ‘गाथ्पाचो’ हे थंड टोमॅटो सूप. त्याचा घट्ट भाऊ ‘साल्मोरेखो’, त्यावर अंडं आणि हॅम भुरभुरतात म्हणून ‘सिन उएबो नि खामोन’ आधीच सांगायचं. ‘तोर्तिया’ हे बटाट्याचं जाड ऑम्लेट आहे, मेक्सिकन पोळी नव्हे, तुम्हाला चालणार नाही, ह्यांना खाऊ दे. त्यात कांदा घालायचा की नाही यावरून तो अख्खा देश दोन पक्षांत विभागलेला आहे, इतका की दोन्ही बाजूंना नावंसुद्धा आहेत. गोडात ‘आर्रोथ कोन लेचे’, म्हणजे तांदळाची खीर, फक्त वेलदोड्याऐवजी दालचिनी आणि लिंबाची साल.

हे झालं तुमचं बोलणं. पण खरी गंमत तुमचं वाक्य संपल्यावर सुरू होते, आणि मुलाचं गूगल ट्रान्सलेट तिथेच झोपतं. तुम्ही सुंदर वाक्य म्हणता, वेटरला वाटतं बाईंना स्पॅनिश येतंय, आणि तो ताशी दीडशेच्या वेगाने काहीतरी उलट विचारतो. त्यामुळे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, तुमची वाक्यं अर्धी पाठ करा पण त्याची पूर्ण करा. त्याची आहेतच किती? आल्याआल्या ‘पारा बेबेर?’, प्यायला काय. मग ‘दे प्रिमेरो?’ आणि ‘दे सेगुंदो?’, पहिलं काय, दुसरं काय. ‘आल्गो मास?’, अजून काही. ‘पोस्त्रे ओ काफे?’, गोड की कॉफी. पार्सल देणारं दुकान असेल तर ‘पारा तोमार आकी ओ पारा येबार?’, इथेच की न्यायला. बास, सहा दिवस हेच फिरून फिरून येतं. आपल्याकडे कसं, मिसळीच्या दुकानात ‘तर्री वेगळी देऊ का’ हेच विचारणार हे आपल्याला बसायच्या आधीच माहीत असतं, तसं व्हायला पाहिजे.

हे पहिलं-दुसरं प्रकरण ‘मेनू देल दिया’चं आहे. दुपारची थाळीच समजा, एक पहिली डिश, एक दुसरी, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय, सगळं एका किमतीत. १९६० च्या दशकात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत सरकारनेच पर्यटकांसाठी ठरलेल्या किमतीचं जेवण ठेवायला लावलं, त्यातून हे रूढ झालं आणि आता पर्यटकांपेक्षा ऑफिसवालेच जास्त खातात. यात दोन गोम आहेत. एक म्हणजे तुम्ही ‘एल मेनू’ म्हणालात तर त्याला वाटेल थाळी पाहिजे. आपण ज्याला मेनूकार्ड म्हणतो ते ‘ला कार्ता’. दुसरी म्हणजे ‘सेगुंदो’ जवळपास नेहमी मांस किंवा मासा असतो, आणि शाकाहारी माणूस तिथे हताश होऊन फ्रेंच फ्राईज खातो. तसं करू नका, विचारा ‘पुएदो पेदिर दोस प्रिमेरोस?’ दोन पहिल्या डिश घेऊ का? बहुतेक जण हो म्हणतात. मला हे वाक्य कोणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर मी तीन किलो बटाटे कमी खाल्ले असते.

वेळेचं भान ठेवा. दुपारचं जेवण साधारण दीड-दोन ते साडेतीन-चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. संध्याकाळी सहाला भूक लागली म्हणून गेलात तर ‘ला कोथिना एस्ता थेर्रादा’, किचन बंद. पर्समध्ये चिवडा ठेवा.

पाणी. ‘आग्वा’ म्हटलं की बाटली येते, पैशांची. २०२२ च्या कायद्याने तिथल्या हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणायचं, संकोच नको. आणि बाटलीच घेतलीत आणि फ्रीजमधलं नको असेल तर ‘देल तिएम्पो’ म्हणा. हा शब्द मला फार आवडतो, शब्दशः ‘हवेचं’, म्हणजे बाहेर जशी हवा असेल तितपत, आपलं ‘साधं पाणी’. इंग्रजीत याला तीन शब्द लागतात आणि तरी थर्मामीटर लावल्यासारखं वाटतं.

तिखट आणि गरम यांचाही गोंधळ मराठीवाल्याला होत नाही, ‘पिकान्ते’ तिखट, ‘कालिएन्ते’ गरम. फक्त ग्रानादाच्या उन्हात मला गरम होतंय हे सांगायला ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणू नका, ‘तेन्गो कालोर’ म्हणा. का ते मुलाला विचारू नका, सुनेला विचारा.

ग्रानादात आणखी एक होईल. तुम्ही नुसतं पेय मागाल आणि न मागता फुकट बशी येईल, तापा. ती तिथली पद्धत आहे, पण बशीत काय ते स्वयंपाकघर ठरवतं आणि शाकाहारी असेलच असं नाही. म्हणून ‘मोस्तो’ मागतानाच (द्राक्षाचा रस आहे, दारू नव्हे) ‘ला तापा, सिन कार्ने, नि खामोन, नि पेस्कादो, नि उएबो’ जोडून टाका. चुकून आलीच तर ह्यांच्याकडे सरकवा, सहा दिवस ते खूश.

हो, आणि आंदालुसियात म्हणजे ग्रानादा-सेव्हियाकडे लोक शेवटचा स गिळतात, ‘दोस’चं ‘दो’, ‘मास’चं ‘मा’. पुण्याचं मराठी शिकून थेट मालवणात उतरल्यासारखं होईल. घाबरू नका, ‘मास देस्पाथिओ, पोर फाबोर’ म्हणजे हळू बोला, आणि कळलं नाही की ‘कोमो?’ म्हणा. वेटरला हाक मारायला ‘पेर्दोने’, चुटकी वाजवायची नाही. उठताना ‘ला कुएन्ता, पोर फाबोर’. टीप द्यायची सक्ती नाही, सुट्टे राहिले तर ठेवा.

सरावाचं म्हणाल तर अ‍ॅप हवं तर चालू ठेवा पण रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ह्यांना वेटर करा. त्यांना फक्त वरचे सहा प्रश्न वाचायचेत, ते पण मुद्दाम भरभर आणि टीव्ही चालू ठेवून, कारण तिथे बारमध्ये मशीनचा आवाज, टीव्ही आणि बडबड इतकी असते की शांत खोलीत पाठ केलेलं सगळं उडून जातं. आणि सहा आठवडे ‘मे पोने उन ते’ म्हटल्याशिवाय कोणी चहा पाजायचा नाही. वेटर पाजणारे की नुसताच विचारणारे हे तुमचं तुम्ही ठरवा. सुनेकडून ती शाकाहाराची यादी रोमन लिपीत एका कार्डावर लिहून घ्या, तोंडातून शब्द फुटला नाही तर दाखवायला. मेन्यूकार्ड वाचायला ट्रान्सलेटचा कॅमेराही ठेवा, त्यात मुलगा बरोबर आहे. तो हसला त्याचं मनाला लावून घेऊ नका, पण तिकडे गेल्यावर त्याच्यादेखत वालेन्सियातल्या बारमध्ये ऑर्डर तुम्हीच द्या.

राहिला ह्यांचा चहा. तिथे ‘ते कोन लेचे’ म्हटलं की गरम पाण्यात एक पिशवी आणि बाजूला दूध येतं, किंवा कधी कधी नुसत्या गरम दुधात बुडवलेली पिशवी, आणि कुठलंही स्पॅनिश बोललात तरी त्याचा उकळलेला चहा होत नाही. सहा दिवसांसाठी किचन असलेला फ्लॅट घ्या, चहा पावडर आणि छोटं गाळणं ठाण्याहून न्या. तूप, पेढे, दुधाची पावडर नेऊ नका, बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. दूध कोपऱ्यावरच्या दुकानात घ्या, ‘लेचे एन्तेरा’ लिहिलेलं, म्हणजे फुल क्रीम.